पहिला भाग कुवेतला

साटविलकर गेल्याची बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, पाणी येणार नसल्याच्या सूचनेखाली आली होती. मी आधी सूचना वाचली, बादल्या भरून ठेवल्या आणि मग बातमी वाचली. फोटो तोच होता, पुस्तकांच्या मागे छापलेला, गळ्यात मफलर घातलेला आणि कपाळावर स्पष्ट घाम दिसणारा. तेव्हापासून आमच्या कामोठ्याच्या इमारतीतली मुलं मधूनमधून मला गाठतात. त्यांच्या हिशेबी मी मराठी पुस्तकं वाचणारी शेवटची बाई आहे. साटविलकर वाचायचे तर सुरुवात कुठून करायची, असं ती विचारतात. त्यांच्या 'वाऱ्याचं वतन' या कादंबरीचे चार भाग आहेत आणि पाठीवर भलेमोठे आकडे छापलेले आहेत, तेव्हा खरं म्हणजे हा विचारण्यासारखा प्रश्न नव्हे. मी सांगते, दुसऱ्या भागापासून. मग ती माझ्याकडे जरा काळजीने बघतात आणि त्यांच्या आया मला जिन्यात तब्येत विचारतात. माझी तब्येत ठणठणीत आहे. पनवेलमध्ये माझ्या वयाच्या कुठल्याही वाचणाऱ्या माणसाला विचारा, तो हेच सांगेल, आणि वर असंही सांगेल की पहिल्या भागापासून सुरुवात करणाऱ्यांना साटविलकर कधी कळलेच नाहीत.

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत अण्णांची लायब्ररी होती. अण्णा म्हणजे आमचे वडील. मिठागरावर मुकादमी करता करता त्यांची कंबर गेली आणि बसून करण्यासारखा धंदा हवा म्हणून त्यांनी अलिबागच्या एका बंद पडणाऱ्या लायब्ररीची कपाटं पुस्तकांसकट उचलून आणली. त्यांना स्वतःला वाचनाची आवड नव्हती. वर्तमानपत्र वाचून झालं की ते चष्मा डबीत ठेवत, आणि डबी मिटल्याचा टक् असा आवाज झाला की दिवसाचं वाचन संपलं. पुढची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक निळा पडदा होता. पडद्याच्या अलीकडे अण्णा सभासदांशी शुद्ध, छापील मराठी बोलत. 'आपल्याला हे पुस्तक रुचेल असे वाटते' वगैरे. पडद्याच्या पलीकडे पाऊल टाकलं की 'काय गो, जेवन झायलं काय' असे आमचे आगरी अण्णा परत येत. आईला एकच भाषा येत होती, ती माहेरची, नेऱ्याकडची, आणि ती दोन्हीकडे तीच वापरायची. संध्याकाळी बाहेर कादंबऱ्या चाळल्याची फडफड आणि आत तव्यावर तांदळाच्या भाकरीची थापथाप एकदमच चालू असायची. सुकट भाजली जायची त्या दिवशी सभासद पुस्तकं पटापट निवडून निघून जात, आणि पुस्तकांना तो वास राही तो राहीच. अजूनही कुणी मोठ्या साहित्यिकाचं नाव काढलं की मला आधी सुकट आठवते.

अण्णांचे नियम थोडे पण पक्के होते. पान दुमडू नये, पुस्तक उशाला घेऊ नये, आणि भिंतीवर 'थुंकू नये'च्या शेजारी रंगवलेला तिसरा नियम, 'शेवट सांगू नये'. हा नियम मोडणाऱ्या एका निवृत्त मास्तरांना अण्णांनी नम्रपणे सभासदत्वातून मोकळं केलं होतं. मास्तर नंतर कितीतरी दिवस समोरच्या पानाच्या टपरीवर उभं राहून आमच्या दाराकडे बघत. एक न लिहिलेला नियमही होता, आणि तो आम्हा घरच्यांसाठी होता. नवीन पुस्तक आधी सगळ्या सभासदांचं वाचून व्हायचं, मग घरच्यांच्या हाती लागायचं. हलवायाच्या पोरांनी मिठाई खाऊ नये, तसंच हे, असं अण्णांचं म्हणणं. माझी मोठी बहीण शालनताई दहावीनंतर लायब्ररीचं सगळं काम बघत असे, कोणतं पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते तिला डोळे मिटून सांगता यायचं, पण वाचायला मिळायचं ते लोकांनी पिळून घेतल्यावर.

आता पहिल्या भागाचं सांगते. मोहल्ल्यातला कासमभाई आमचा जुना सभासद. त्याने 'वाऱ्याचं वतन'चा पहिला भाग नेला आणि त्याच आठवड्यात त्याला कुवेतच्या नोकरीचं बोलावणं आलं. घाईघाईत बॅग भरताना पुस्तक बॅगेत गेलं. ते अण्णांनी सगळ्यात आधी त्याला दिलं होतं, त्यामुळे पनवेलात दुसऱ्या कुणी ते उघडूनही पाहिलेलं नव्हतं. त्याची आई, हलिमाचाची, हे सांगायला स्वतः आली आणि सोबत सांदणांचा डबा घेऊन आली. तांदळाच्या त्या मऊ गोड वड्या मी खात होते आणि ती अण्णांना सांगत होती की कासम सुट्टीवर येईल तेव्हा पुस्तक घेऊन येईल, तो वस्तू बुडवणारा नाही. अण्णा म्हणाले, अर्थातच. डबा रिकामा परत देऊ नये म्हणून आईने त्यात वालाचं बिरडं भरलं. पुढची कित्येक वर्षं डबा असाच इकडून तिकडे फिरत राहिला आणि पुस्तक आलं नाही.

कुणीही विचारेल की मग दुसरी प्रत का नाही घेतली. साटविलकरांची पुस्तकं काही दुर्मीळ नव्हती. पण दुसरी प्रत घेणं म्हणजे कासम पुस्तक आणणार नाही असं पनवेलात जाहीर करणं, आणि ते हलिमाचाचीच्या तोंडावर करायचं. ती दर आठवड्याला पुस्तक बदलायला यायची, तिच्या सुनेसाठी. सुरुवातीला कासमची खुशाली सांगायची. मग त्याचं येणं लांबत गेलं, खुशाली तोटकी होत गेली, आणि पुढे तर ती स्वतःच कपाटाकडे बघून म्हणायची, "येल तवा घेऊन येल." अण्णा म्हणायचे, अर्थातच. कपाटात त्यांनी पहिल्या भागाएवढी जागा मोकळी ठेवली होती आणि शेजारची पुस्तकं तिच्यात कलंडू नयेत म्हणून लाकडाचा ठोकळा घातला होता.

अशा रीतीने अख्ख्या पनवेलने साटविलकर दुसऱ्या भागापासून वाचले. त्या जगात वारा ही वतनाची वस्तू असते. पूर्वेचा वारा एका घराण्याचा, पश्चिमेचा दुसऱ्याचा, आणि गलबतवाल्यांनी तो मागून घ्यायचा. सोनवी नावाची मुलगी आपल्या आईच्या हिश्शाचा वारा परत मिळवायला निघते आणि तिच्या होडीच्या सुकाणूवर भैरू तांडेल नावाचा एक म्हातारा असतो. वाटेत वारा रांजणात कोंडून ठेवणारी बेटं लागतात. एक राणी लागते, ती केव्हाच मेलेली असते, पण तिला ते सांगण्याचं काम कुणी अंगावर घेतलेलं नसतं. साटविलकर हे सगळं तहसीलदाराच्या अहवालासारखं लिहीत, आणि त्यामुळे आम्हाला ते अगदी खरं वाटे. दुसरा भाग उघडतो तो होडी किनारा सोडताना. तांडेल कोण, कुठला, या पोरीसाठी जीव का धोक्यात घालतो, हे कुठेच सांगितलेलं नाही, कारण ते पहिल्या भागात सांगून झालेलं होतं. ते आम्हाला माहीत नसल्यामुळे आमच्या लायब्ररीत तांडेलाबद्दल पक्ष पडले होते. एका डॉक्टरांच्या मते तो भूत होता. कापड बाजारातल्या एका शिंप्याच्या मते तो पदच्युत सेनापती होता. एका प्राध्यापकांनी तर पहिला भाग मुळात लिहिलेलाच नाही, ती एक नवी शैली आहे, असं सांगून टाकलं. कासमभाईला पुस्तक नेताना आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं, तरी दोघातिघांना ते पटलं. चौथ्या भागाच्या शेवटी उलगडा होतो, एवढं ज्यांचा वाचून झाला होता त्यांच्या चेहऱ्यावरून कळे. शालनताईचे दोन भाग झाले होते आणि चौथा हाती लागायची ती एका पावसाळ्यापासून वाट बघत होती. रात्री भांडी घासताना ती मला तिचे अंदाज सांगायची. तिचा एकही अंदाज बरोबर नव्हता, पण एकेक असा होता की साटविलकरांनी घ्यायला हवा होता.

याच सुमारास गोमामामाने पेणचं स्थळ आणलं. गोमामामा आईचा चुलतभाऊ, लग्नं जुळवणं हा त्याचा छंद, आणि एका घरात बोललेलं दुसऱ्या घरात पोहोचेपर्यंत त्याला झोप येत नसे. मुलाचं नाव मोरेश्वर, तालुक्याच्या कचेरीत कारकून, आणि गोमामामाच्या शब्दांत 'पोरगा तुमच्यावानीच पुस्तकी हाय, दुसरं काय व्यसन नाय'. ताईला आधी दोन स्थळं नाकारून गेली होती, ती काळी म्हणून, असं लोक सांगत. त्या दोन्ही वेळा ताईने सगळी कपाटं रिकामी करून परत लावली होती. हे स्थळ जमावं असं आईला वाटत होतं, आणि मला माहीत होतं की तसं ताईलाही वाटत होतं, कारण तिने गोमामामाला मुलगा काय वाचतो ते विचारायला लावलं होतं आणि उत्तर आलं होतं, साटविलकर.

पाहुणे आले, पोहे झाले, चहा झाला. मोरेश्वर उंच होता आणि पोह्यातली मिरची बाजूला काढण्याऐवजी सभ्यपणे खात होता, त्यामुळे त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मग अण्णांनी, त्या काळाच्या मानाने पुढारलेपण दाखवत, दोघांना पुढच्या खोलीत पुस्तकांपाशी बोलायला बसवलं. मी पडद्याआड होते, कारण पडदा तेवढ्यासाठीच असतो. आधी दोघंही कपाटांकडे बघत होती. मग त्याला साटविलकर दिसले आणि तो एकदम मोकळा झाला. रांजणांबद्दल बोलला, मेलेल्या राणीबद्दल बोलला, ताई हसली, आणि माझ्या मनात लग्न लागून गेलं. त्यानंतर तो म्हणाला, "पण सोनवीला शेवटपर्यंत कळत नाही ना, की तांडेल तिचा बाप आहे, तिथे मला प्रत्येक वेळी रडू येतं."

पेणच्या वाचनालयात चारही भाग ओळीने होते. पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच हे सांगितलेलं असतं. त्याने शेवट सांगितलाच नव्हता, सुरुवात सांगितली होती, आणि 'सुरुवात सांगू नये' अशी पाटी लावायचं अण्णांना कधी सुचलं नव्हतं. ताई उठली, चहा आणते म्हणाली, आत आली आणि परत गेली नाही. चहा मी नेला. तो कपाकडे बघत बसला होता, आपण काय केलं याचा त्याला पत्ता नव्हता.

पाहुणे गेल्यावर आईने विचारलं, तर ताई नाही म्हणाली. कारण विचारलं, तर ती म्हणाली, त्यांनी भैरू तांडेल कोण ते सांगितलं. आईला हे भैरू तांडेल प्रकरण काय ते कळेना, आणि गोमामामाला कळेना तरी थांबवेना. कुठल्याशा तांडेलावरून लग्न मोडतंय म्हणजे त्याची चौकशी केलीच पाहिजे, म्हणून तो उरणच्या बाजूला जाऊन कोळीवाडे पालथे घालून आला. असा एक भैरू तांडेल खरोखरच निघाला. त्याचं वय झालं होतं, एका डोळ्याने दिसत नव्हतं. आपला या पोरीशी किंवा पेणकरांशी काही संबंध नाही, पण लग्नाला बोलावलं तर येईन, असा त्याने निरोप पाठवला. गोमामामाने तो निरोप आधी पेणला पोहोचवला आणि मग आमच्याकडे.

ताईचं खरं दुखणं मला तिने विहिरीवर सांगितलं. मुलगा तिला आवडला होता. चूक त्याची नाही हेही तिला कळत होतं. पण तिच्यापाशी स्वतःचं म्हणावं असं एवढं एकच होतं, ती एक उत्कंठा, आणि ती कुणी सहज उचलून टाकावी याचं तिला रडू येत होतं. "त्याच्याबरोबर राहायचं म्हणजे रोज हे आठवणार," ती म्हणाली. मी तेव्हा नववीत होते. हे कारण मला अगदी पुरेसं वाटलं. आज माझं लग्न होऊन, संसार होऊन, मुलं मार्गी लागून, लोक कुठल्या कारणांनी हो म्हणतात ते बघून झाल्यावरही मला ते पुरेसंच वाटतं. अण्णा मात्र यात एक शब्द बोलले नाहीत. ते नेहमीसारखे जेवले, चष्म्याची डबी मिटली आणि झोपले. आई त्यांच्यावर चिडली, पोरीचं भलं-बुरं बापाला दिसत नाही म्हणाली. तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

मग एका सकाळी मोरेश्वर एकटाच आला. उरणच्या तांडेलाचा निरोप ऐकल्याबरोबर त्याला कपाटातला ठोकळा आठवला होता आणि सगळं ध्यानात आलं होतं. बगलेत पिशवी होती आणि पिशवीत पहिला भाग, त्याची स्वतःची प्रत, त्याच्या नावाची. त्याने ती टेबलावर ठेवली आणि लायब्ररीला भेट म्हणून घ्या म्हणाला. नेमकी त्याच वेळी हलिमाचाची पुस्तक बदलायला आलेली होती. अण्णांनी पुस्तकाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि छापील मराठीत म्हणाले की आभारी आहे, पण हे पुस्तक आमच्याकडे आहे, सध्या ते बाहेर गेलेलं आहे. मोरेश्वरने ठोकळ्याकडे बघितलं. त्याने वाद घातला नाही. ताई पडद्यामागे आहे हे त्याला कळलं असावं, कारण तो पडद्याकडे तोंड करून बोलला. मी ओळीने वाचलं, तो म्हणाला, मला पहिल्यापासून सगळं माहीत होतं. न कळता वाचताना कसं वाटतं ते मला आता कधीच मिळणार नाही. "तुमच्याकडे ते होतं आणि मी ते घालवलं. लग्नाचं राहू दे, एवढं सांगायला आलो."

पडदा हलला नाही. माझ्या शेजारी ताईने दोन्ही हातांनी पदर तोंडाशी धरला होता. बाहेर मोरेश्वर पुस्तक परत पिशवीत घालायला लागला, तेव्हा हलिमाचाचीने त्याच्या हातावर हात ठेवला. "अण्णा, घेवा तो बुक," ती म्हणाली. "माजा कासम येल तवा त्याचा पन घेवा. एक पोर घरात हाय म्हनून दुसऱ्याला दारातनं कोन फिरवतो?" अण्णा उठले, कपाटातला ठोकळा काढला आणि पहिला भाग जागेवर ठेवला. मग पुन्हा बाहेर काढून पडद्याखालून आत सरकवला. सभासदांच्या आधी घरच्यांना पुस्तक दिल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. त्याच दिवशी त्यांनी एका वकिलांच्या घरी जाऊन, वाचून होत नसेल तर राहू दे म्हणून, चौथा भागही मागून आणला.

कासमभाईचं सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागायचा. तो आला, बऱ्याच वर्षांनी, पोट सुटून, सोन्याची अंगठी घालून, आणि पुस्तक घेऊन आला. तिकडे ते इतक्या जणांनी वाचलं होतं की कडा गोल झाल्या होत्या. कुवेतमधल्या पनवेलकरांकडे फक्त पहिलाच भाग होता आणि पुढे काय होतं यावरून तिथेही पक्ष पडले होते. हलिमाचाची तेव्हा हयात होती. तिने पुस्तक स्वतः कपाटात ठेवलं, दुसऱ्या प्रतीच्या शेजारी, आणि घरी जाऊन दोन दिवस झोपून राहिली.

ताईने सांगितलं की चारही भाग ओळीने वाचून झाल्यावर ती उत्तर देईल. पेणला तसं कळवलं, आणि पेणकर थांबले, हे मला अजूनही विशेष वाटतं. ती दुपारी ओट्यावर बसून वाचायची. आई तिच्या हातातलं काम काढून घ्यायची आणि किती पानं राहिली ते लांबूनच बघायची. आईला वाचता येत नव्हतं, पण उरलेल्या पानांची जाडी कळत होती. चौथा भाग संपला त्या दुपारी अण्णा जेवायला बसले होते. बोयटाचं कालवण होतं. ताई आत आली, डोळे सुजलेले, आणि पेणला हो कळवा म्हणाली. आईने देवाला हात जोडले. अण्णा माशाचे काटे काढत राहिले.

ताई तिथेच उभी होती. "अण्णा, तुमाला काय वाटतं?" तिने विचारलं. आमच्या घरात अण्णांना असं कुणी विचारत नसे, आणि विचारलंच तर ते 'तुमचं तुमी बघा' म्हणत. आईने तेवढ्यात भात वाढायला घेतला, म्हणजे विषय संपावा.

"मला वाटतं तू जाव नये," अण्णा म्हणाले.

आईचा हात वर राहिला. अण्णांनी मान वर केली नव्हती. ते म्हणाले की पहिलं स्थळ फिरलं तेव्हा त्यांना बरं वाटलं होतं. दुसरं फिरलं तेव्हाही. या वेळी ती नाही म्हणाली तेव्हा ते रात्रभर निवांत झोपले. तू गेलीस तर लायब्ररी चालेल, ती कुनी पन चालवील, ते म्हणाले, पन मला घरात करमनार नाय. हे ते कुणाला सांगणार नव्हते, पण ताई झोपल्यावर रोज रात्री वाचून त्यांचे चारही भाग तिच्याआधीच संपले होते, आणि तेव्हापासून त्यांच्याने गप्प बसवत नव्हतं.

"तो तांडेल चार पुस्तकां गप बसला," अण्णा म्हणाले. "मना तेवरा जमनार नाय."

ताई खाली त्यांच्या ताटासमोर बसली. मग म्हणाली, "मंग जाव का मी?"

"जा," अण्णा म्हणाले. आम्ही त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे आधी आम्हाला वाटलं की घशात काटा अडकला, आणि आई घाईने भाताचा गोळा करून त्यांच्या तोंडात कोंबायला लागली.